तिण्णैवरची फुली

नळाच्या पाण्याला वास येतो अशी तक्रार गेली की नगरपालिका आपल्या गळती शोधणाऱ्या माणसाला पाठवी. लोखंडी गजाचं एक टोक रस्त्यावर टेकवून दुसरं तो कानाला लावी आणि जमिनीखालची गळती ऐके. तेव्हा कुणी खाकरलं तरी असा रोखून पाही, की मीही श्वास धरी. एरवी रोज सकाळी आमच्या तिण्णैवर, म्हणजे दाराबाहेरच्या ओट्यावर, बसून तो काफी घेई.

त्या उन्हाळ्यात गल्लीतली दोन मुलं हगवणीनं आडवी झाली. तो गज टेकवत टेकवत आमच्या दाराशी येऊन थांबला. ती तिण्णै मी परवानगीशिवाय पाइपावरच बांधली होती. त्याला ते ठाऊक होतं.

"आधी काफी घ्या," मी म्हणालो.

"काफी मागून. पहिलें हें फोडायचें." रोज बसायचा त्याच दगडावर त्यानं खडूनं फुली मारली.

दुसऱ्या सकाळी फोडलेल्या तिण्णैच्या जागी खणलेल्या खड्ड्याशी तो उभा दिसला. काफी न्यावी की नाही, मला कळेना. त्यानं नव्या पाइपाला गज टेकवला, बराच वेळ ऐकलं. मी श्वास धरला. मग माझ्याकडे न बघताच त्यानं काफीसाठी हात पुढे केला.