आत्याबाईंची पावले

मुलांनो, देवावर माझा विश्वास तेव्हा फारसा नव्हता, हे आधीच सांगून टाकते. नगरला मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकून, लग्नानंतर मी आष्टीजवळच्या या निजामाच्या मुलखातल्या गावी आले. येताना नीटनेटकेपणाची सवय आणली होती आणि थोडा ताठाही. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. त्यांना दिसत नव्हते. रोज आंघोळ झाली की देव्हाऱ्यातल्या खंडोबाचा चांदीच्या पत्र्याचा टाक त्या बोटांनी चाचपून घेत आणि त्यावर हळद वाहत. मी शेजारी उभी राहून हळदीची वाटी सरळ करी. हात जोडले जात, मन मात्र कुठे तरी लांब असे.

त्या वर्षी दिवाळीनंतर गावात उंदीर पडू लागले. उंदीर पडले की मागोमाग गाठीचा ताप, म्हणजे प्लेग येतो, हे तोवर सगळ्यांना ठाऊक झाले होते. घरे सोडून शेतात झोपड्या घाला, अशी दवंडी पिटली गेली. तुमचे आजोबा कचेरीच्या कामाने बीडला अडकलेले. घरात आम्ही दोघीच. मी कागद घेऊन यादी केली. गोधड्या न्यायच्या नाहीत, त्यांत पिसवा असतात. धान्याची कणगी न्यायची नाही, तिच्यामागे उंदीर येतात. लुगडी उकळून, कडक उन्हात वाळवून मगच गाडीत ठेवायची. यादी मला स्वतःलाच इतकी आवडली की ती आत्याबाईंना मोठ्याने वाचून दाखवली.

"लई झ्याक वाचलंस," त्या म्हणाल्या. "आता तू जा. मी न्हाई येत."

"अहो आत्याबाई, शेजारच्या घरात उंदीर पडलेत!"

"पडू दे की. मला थोडेच दिसत्यात?"

दोन दिवस मी विनवले, रागावले, भीतीही घातली. त्यांचे एकच म्हणणे. "हितं मला समदं दिसतं. तिकडं नेलंस तर मी आंधळी हुईन." मला तो म्हातारपणाचा हट्ट वाटला. त्यांना सोडून जाणे शक्य नव्हते आणि राहणे म्हणजे दोघींनी मरणाची वाट पाहणे. तिसऱ्या दिवशी सकाळी मी देव्हाऱ्यासमोर उभी राहिले आणि प्रार्थना करायची सोडून खंडोबाला चक्क दम दिला. म्हटले, ही तुझी भक्त आहे, माझे ऐकत नाही, आता तूच काय ते बघ.

मग शेतावर गेले. तिथे आमचा सालगडी कडबा आणि बाभळीच्या फांद्या लावून झोपडी उभी करीत होता. धुके अजून विरले नव्हते. पलीकडच्या पडीक रानात मेंढ्या बसल्या होत्या. जमिनीला टेकलेले ढग आणि त्या मेंढ्या वेगळ्या ओळखू येत नव्हत्या. त्या पांढुरक्यातून एक धनगर बाहेर आला. त्याच्या खांद्यावर घोंगडी होती आणि घोंगडीवर एका पायाला फडके बांधलेली मेंढी. तिच्यासाठी त्याला विहिरीचे पाणी हवे होते. पाणी पाजता पाजता त्याने झोपडीत डोकावून पाहिले.

"ऱ्हानार कोन हितं?"

"माझ्या सासूबाई. पण त्या यायला तयार नाहीत. डोळ्यांनी दिसत नाही त्यांना."

"घरात पानी कुन्या हाताला असतं त्यांचं?"

ते मी कधी पाहिलेच नव्हते. चार वर्षे मी त्या घरात राहत होते.

तो हसला नाही. म्हणाला, "आमचं बिऱ्हाड दर चार दिसाला हालतं, बाई. आमची म्हातारी बी आंधळीच हाय. तिची चूल, तिचं पानी, तिचं हातरून समदं जितल्या तितं मांडतो. माळ बदलतो, म्हातारीचं घर न्हाई बदलत. जा, पावलं मोजून ये."

माझ्या एवढ्या लांबलचक यादीत ते नव्हते.

घरी आले आणि गुपचूप आत्याबाईंच्या मागे चालू लागले. अंथरुणापासून खांब तीन पावले. खांबापासून पाण्याचा माठ डाव्या हाताला दोन.

"कावून गं माज्या मागं मागं? सावली झालीस का माजी?"

मी खरे ते सांगितले आणि मोजलेली पावले वाचून दाखवली. त्यांनी खांबावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "उंबरा सोडलास तू. उंबऱ्याबिगर घर व्हतंय व्हय? आन् चूल पाच पावलांवर न्हाई, साडेचारावर हाय. ल्ही."

मी लिहीत गेले, त्या सांगत गेल्या. दुपारपर्यंत झोपडीत सगळे जागच्या जागी बसले, उंबऱ्यासाठी बाभळीचा ओंडकाही आडवा टाकला. गोधड्यांवरून भांडण होईल अशी मला धास्ती होती. त्यांनी विषयसुद्धा काढला नाही. देवांची टोपली मांडीवर घेऊन गाडीत बसल्या. झोपडीच्या दाराशी माझा हात सोडला, ओंडका ओलांडला, खांब चाचपला, डावीकडे वळल्या आणि माठात तांब्या बुडवला.

"हाय की हितंच," एवढेच म्हणाल्या, आणि गटागटा पाणी प्यायल्या.

तिथले दिवस मला अजून स्वप्नासारखे आठवतात. आजूबाजूला ज्वारी सळसळायची, आत्याबाई दुपारी शांत निजायच्या, आणि आपण गावात आहोत की रानात, हे मलाच कळेनासे व्हायचे. एकदा मीही डोळे मिटून अंथरुणापासून चालले. तीन पावलांवर खांब हाताला लागला. तो मीच तिथे उभा करवला होता, तरी वाटले की माझ्या आधी कोणी तरी तो माझ्यासाठी तिथे आणून ठेवला आहे. तशीच मिटल्या डोळ्यांनी देवांपाशी गेले, टाक चाचपला, हळद वाहिली. त्या दिवशी मन लांब नव्हते.

घर पुढे सारवायला उघडले तेव्हा आत्याबाईंच्या अंथरुणाच्या जागी मेलेले उंदीर निघाले. आमच्या आळीतली दोन माणसे तोवर तापाने गेली होती. पुढच्या साली तो धनगर पुन्हा आला. मी त्याच्यापुढे भाकरी-कालवण ठेवले, हात जोडले. तो ओशाळला. म्हणाला, "आमी त्या साली हितं थांबनारच नव्हतो. मेंढीचा पाय मोडला, म्हून चार दिस ऱ्हायलो." त्या मेंढीचा पाय कोणी मोडला आणि कशासाठी, याचा निवाडा मी कधी केला नाही. फक्त हळद वाहताना ती मला आठवते.

आता माझेही डोळे गेल्यासारखेच आहेत. हे पत्र शेजारची मुलगी लिहून घेते आहे. तुमचे वडील मला कलकत्त्याला बोलावतात आणि मी वर्षभर नाही म्हणते आहे. काल देव्हाऱ्यासमोर बसले असताना स्वतःचाच आवाज आत्याबाईंसारखा ऐकू आला, आणि हसू आले. येते मी. भांडी, कपाट, पुस्तके इथेच वाटून टाकते. टाक तेवढा मांडीवर घेईन. सोबत माझी पावले लिहून पाठवली आहेत: खाटेपासून दार चार, दारापासून पाणी उजव्या हाताला तीन. तुमच्या खोलीत तेवढे मांडून ठेवा. बाकीचे ज्याने तेव्हा पाहिले, तो बघेल. आणि दाराला उंबरा नसेल, तर एखादी फळी आडवी टाका.