दुसऱ्या सर्व्हरचं नाव

पंकजा गर्जे आमच्या साखर कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळते. तिचे वडील गहिनीनाथ पाथर्डीकडचे ऊसतोड कामगार. अजूनही बैलगाडीने ऊस आणून माझ्याच वजनकाट्यावर उभे राहतात. पंकजाने एका माणसावर डूख धरला होता आणि मला तिचा राग मनापासून पटला होता, हे आधीच सांगून टाकतो.

कारखान्याचे सर्व्हर दोन, दोन्हींत माहिती तीच. पण सगळ्या कॉम्प्युटरना नाव दिलेलं फक्त पहिल्याचं. तो बंद पडला तर दुसऱ्याकडून फायली घ्यायच्या, हे त्यांना सांगितलेलंच नव्हतं. पंकजाने दोनदा लेखी कळवलं. तिच्या साहेबांनी, रविराजांनी, कागद वाचलाही नाही. मागच्या हंगामात भर दुपारी पहिला सर्व्हर बसला. काटा तीन तास थांबला, गाड्यांची रांग फाटकाबाहेर गेली. रविराज काट्यावर येऊन पंकजाला सगळ्यांदेखत नको नको ते बोलले. रांगेतून गहिनीनाथ पुढे आले आणि हात जोडून म्हणाले, "सायेब, लेकरू हाय. चुकलं आसंल, माफ करा."

चूक कोणाची, हात कोणाचे! माझंच डोकं फिरलं, मग तिचं काय झालं असेल.

"त्यो मानूस माज्या बापाफुडं हात जोडंल, तवाच मी गप बसंन," ती मला म्हणाली.

मग तिने एकेका कॉम्प्युटरला दोन्ही सर्व्हरची नावं दिली. शेवटी रविराजांना त्यांच्या लॅपटॉपबद्दल विचारलं, तेही लेखी, कारण उत्तर तिला ठाऊक होतं. त्यांनी सहीनिशी लिहिलं, 'माझ्या लॅपटॉपला हात लावायचा नाही.' तो कागद तिने जपून ठेवला.

यंदा चेअरमन काट्याच्या खोलीत आले. ही व्यवस्था आपणच केली, अशी फुशारकी मारत रविराजांनी लॅपटॉप उघडला आणि पहिला सर्व्हर बंद करायला लावला. माझा काटा क्षणभर अडला आणि पुन्हा चालू झाला. रविराजांचा लॅपटॉप मात्र ढिम्म. चेअरमननी कारण विचारलं. पंकजाने सहीचा कागद पुढे केला, जुनी दोन पत्रंही ठेवली आणि वडिलांनी हात जोडल्याचं, आत्ताही ते बाहेर रांगेत असल्याचं सांगितलं. मला तर आतून गुदगुल्या होत होत्या.

"रविराज, ते बाहेर रांगेतच आहेत ना? जा, माफी मागून या," चेअरमन म्हणाले.

रविराज निघाले, मागोमाग पंकजा. मी खिडकीशी गेलो. साहेब आणि लेक आपल्याकडेच येताना पाहून गहिनीनाथांचा चेहरा उतरला. रविराजांचे हात वर येण्याआधीच त्यांनी स्वतःचे जोडले.

"सायेब," ते म्हणाले, "ह्या बारीला बी माफ करा पोरीला."