पालथ्या वाट्या

घड्याळजींच्या दुकानात वडिलांपासून चालत आलेला एक नियम होता. एका वेळी एकच घड्याळ उघडायचं. मध्येच उठावं लागलं, तर त्यावर स्टीलची वाटी पालथी घालायची, म्हणजे धूळ बसत नाही आणि स्क्रू हरवत नाही. ते मिटल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. वाटी घरातून यायची, कारण घर दुकानाच्या मागच्याच दोन खोल्यांत होतं. तिथे त्यांची बायको संसार सांभाळायची. सगळा रस्ता तिला वहिनी म्हणायचा.

दर वर्षा-दीड वर्षाने मात्र जेवायला बसलं की वाट्या कमी पडू लागत. आधी दोन, मग सात, मग घरात एकही नाही. दुकानात डोकावावं तर टेबलावर, फळीवर, खिडकीत वाट्याच वाट्या, आणि प्रत्येकीखाली कुणाचं तरी घड्याळ उघडं पडलेलं. मधोमध घड्याळजी, डोळ्याला भिंग आणि तोंडाचा पट्टा सुरू. दोन तास झोपून टवटवीत. शाळेला फुकट घड्याळ बसवून देतो, सगळ्या गावाची वेळ एका सेकंदावर आणतो, एक ना दोन. मध्येच कुणी "माझं कधी मिळेल?" विचारलं की वस्सकन अंगावर जायचे. एरवी हा माणूस मांजरालाही 'अहो' म्हणेल असा.

शेजारी म्हणायचे, "घड्याळजी रंगात आलेत!" वन्सं, म्हणजे त्यांची थोरली बहीण, म्हणायच्या, "आला बाई एकदाचा माणसांत." आणि मग ठरलेली गंमत सांगायच्या, "अगं, तुला मागणी घातली ना, त्या आठवड्यात तर आमच्या घरात औषधाला वाटी सापडेना!" वहिनी दर वेळी लाजायची. वडिलांचं घड्याळ दुरुस्तीला घेऊन ती या दुकानात आली होती आणि आठ दिवसांत तिचं लग्न ठरलं होतं. आठही दिवस तो तिच्या दारात हजर. इतकं कुणी आपल्याशी बोलू शकतं, हे तिला तोवर माहीतच नव्हतं.

वाट्या घरात परतल्या की पडून राहण्याचे महिने यायचे. आंघोळीला दहादा हाका माराव्या लागायच्या. जेवण ताटात निवून जायचं. दुकानाचं दार अर्धं उघडं असायचं आणि घड्याळजी भिंतीकडे तोंड करून. या दिवसांना घरात 'आजारपण' म्हणत. त्या दुसऱ्या दिवसांना काहीच म्हणत नसत. चूक म्हणाल तर एवढीच, आणि ती सगळ्यांनी मिळून केली.

या खेपेला ते आडवे झाले तेव्हा कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी उदासीच्या गोळ्या दिल्या. उदासीच सांगितली, तर ते बिचारे दुसरं काय देणार? तीन आठवड्यांत वाट्या पुन्हा दुकानात जाऊ लागल्या. वन्संनी फोन करकरून नातलगांना खुशाली कळवली.

मग एक दिवस एक म्हातारे गृहस्थ आपल्या वारलेल्या बायकोचं घड्याळ न्यायला आले. घड्याळजींनी एकेक वाटी उचलली. खालचे भाग एकमेकांत मिसळलेले. "सगळ्यांतलं उत्तम घेऊन एकच झकास घड्याळ बनवतोय," ते म्हणाले. म्हातारे काकुळतीला आले तसे घड्याळजी भडकले आणि त्यांनी त्या गृहस्थांना दंडाला धरून पायरीखाली उतरवलं. वहिनी मधल्या दारात उभी होती. तिला रडू आलं नाही, रागही आला नाही. तिने वाट्या मोजल्या. एकतीस होत्या, त्यातल्या अकरा शेजारच्या.

दुसऱ्या दिवशी ती त्यांना मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. घड्याळजी आनंदाने आले. दवाखान्यातलं घड्याळ चार मिनिटं मागे आहे, हे त्यांनी बसण्याआधीच सांगून टाकलं.

बाई वहिनीला म्हणाल्या, "उदासीचं कळलं. त्याच्या उलट कधी होतं का? झोप कमी, बोलणं फार, डोक्यात शंभर बेत, चिडचिड? काही सोडू नका, सगळं सांगा."

"हिलाच विचारा," घड्याळजी म्हणाले. "मी कसा ठणठणीत आहे ते. ही खोटं बोलत नाही."

वहिनीने वाट्यांचं सांगितलं. भाजीची यादी वाचावी तशा आवाजात, एकेक खेप.

बाईंनी ऐकून घेतलं. "बायपोलर नावाचा आजार असतो, मला त्याची शंका येतेय. त्यात हे वर जाणंही आजारातच येतं. नुसत्या उदासीच्या गोळ्यांनी काहीजण असे वर फेकले जातात. औषध बदलू. नीट घेतलं तर पुष्कळ आटोक्यात राहतं." मग त्यांनी पेन उचललं. "हे असं पहिल्यांदा कधी झालं, आठवतं?"

वहिनीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. एवढं एक आपल्यापाशी ठेवावं, असं तिला फार वाटलं.

"चोवीस वर्षांपूर्वी," ती म्हणाली. "आमचं लग्न ठरलं तो आठवडा."

बाईंनी ते लिहून घेतलं. घड्याळजींनी भिंतीवरच्या घड्याळावरची नजर काढून वहिनीकडे पाहिलं.

"तेवढं तरी सोडायचंस गं," ते म्हणाले.

"सगळं सांगा म्हणाल्या त्या," वहिनी म्हणाली.