आप्पांनी दुरुस्त केलेलं जग

मी निर्माण केलेल्या जगात नदी डोंगर चढून जात होती, हे आमच्या आप्पांनी पहिल्या दोन मिनिटांत दाखवून दिलं.

माझी नोकरी रांजणगावला एका कंपनीत, क्वालिटी डिपार्टमेंटला. माल पास की रिजेक्ट हे मी ठरवतो, असं माझ्या आयकार्डावरून वाटतं. प्रत्यक्षात ते प्रोडक्शनवाले ठरवतात आणि मी सही करतो. घरात आप्पांचा शब्द चालतो, आप्पा नसले की आईचा, आणि दोघंही गावाला गेले तर दोघांचाही फोनवरून! एकतीस वर्षांचा घोडा झालो, तरी शेवटचा शब्द माझा अशी एक जागा काही सापडेना. म्हणून मी नवीन जग काढायला घेतलं.

(हे ऐकून आईनं कपाळावर हात मारून घेतला होता. "पोरीकडच्यांनी इचारलं, मुलगा सुट्टीचं काय करतो, तर काय सांगू? जग काढतो?")

तर खेळ असा असतो. टेबलाभोवती चौघं-पाचजण बसतात. एकजण एक काल्पनिक जग सांगतो. राज्यं, जंगलं, राक्षस, सगळं. बाकीचे त्या जगातली पात्रं होतात, म्हणजे कुणी योद्धा, कुणी चेटकीण. अडचण आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि पुढं सरकायचं. जग सांगणाऱ्याला म्हणतात गेम मास्टर. तो म्हणेल ते खरं. तो म्हणाला पाऊस, की पाऊस. तो म्हणाला मेलास, की मेलास. हे वाचल्यावर मी मनाशी म्हणालो, दिनेश, हे पद आपल्यासाठीच निघालंय.

खेळायला तिघं तयार झाले. स्टोअरचा प्रशांत, लॅबमधली न्हावऱ्याची स्नेहल, आणि बिहारचा राकेश, जो सणसवाडीला खोली घेऊन राहतो. गुरुवारी कंपनीला सुट्टी, म्हणून खेळ गुरुवारी, आमच्या शिरूरच्या घरी. मी त्यांना सात महिने "नकाशा होतोय" असं सांगत होतो. शेवटी प्रशांत म्हणाला, "ह्या गुरवारी न्हाई झालं ना, तर आपण कॅरम खेळू." कॅरममध्ये गेम मास्टर नसतो! मी हादरलो आणि मंगळवारी संध्याकाळी नकाशा पूर्ण करून जेवणाच्या टेबलावर पसरला.

काय नकाशा होता! मोठा ड्रॉइंगचा कागद, काळी शाई, कडेला लाटा, कोपऱ्यात ड्रॅगन. मध्ये राजधानी सुवर्णपूर, उंच सुळक्यावर. नीलवती नदी उत्तरेकडून येते, डोंगर ओलांडते आणि दोन फाटे होऊन दोन समुद्रांना मिळते. उत्तरेला, नदीच्या उगमाशी, अंधारगड, तिथं भ्रमकेतू, अंधाराचा अधिपती. आणि दक्षिणेला शापित वाळवंट.

आप्पा पाणी प्यायला आले आणि तांब्या हातात धरून तिथंच थांबले.

आप्पा म्हणजे माझे वडील, ज्ञानदेव. पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. पाटकरी म्हणजे कालव्याचं पाणी कुणाला, कवा, किती हे बघणारा माणूस. यवतपासून खाली दौंडपर्यंत कालव्याच्या कडेकडेनं सायकल मारण्यात त्यांचा जन्म गेला. रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती आणि या दोन वर्षांत त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं, "भाजी कंची आणू" सोडून.

"कुठला भाग हाय ह्यो?" आप्पा म्हणाले.

"काल्पनिक आहे आप्पा."

"आसू दे. ही नदी डोंगरावरनं पल्याड कशी गेली? मोटार लावलीय का?"

मी म्हणालो, जादूचं जग आहे. तिथं असं होतं.

"बरं. आन् हितं एका नदीच्या दोन झाल्या? दोन नद्या मिळून एक व्हती रं. एकीच्या दोन न्हाई व्हत. फाटे कालव्याला फुटत्यात, नदीला न्हाई." त्यांनी तांब्या खाली ठेवला. (हे वाईट लक्षण होतं.) "ह्या सुळक्यावरचं गाव पाणी काय पितं?"

"तिथं एक दिव्य झरा आहे."

"उन्हाळ्यात?"

सात महिन्यांत माझ्या जगात उन्हाळा आलाच नव्हता.

"आन् हे वाळवाण कसलं?"

"ते शापित आहे. हजार वर्षांपूर्वी भ्रमकेतूनं शाप दिला, आणि सगळी हिरवी जमीन वाळवंट झाली."

"त्येचा किल्ला कुठं हाय?"

मी बोट ठेवलं. आप्पांनी चष्मा लावला, किल्ला बघितला, नदी बघितली, वाळवंट बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"मंग शाप कशापायी म्हनतोस? ह्यो बसलाय वर, हेडला. वाळवाण हाय खाली, टेलला. पाण्याचं गेट दाबून बसलंय बेणं!"

आणि इथं माझ्या हातून जन्माची चूक झाली. मी चिडून म्हणालो, "मग तुम्हीच दाखवा कसं पाहिजे ते!" आणि झोपायला गेलो, कारण बुधवारी मला पहिली शिफ्ट होती.

बुधवारी दुपारी चारला कंपनीची बस सोडली, घरी आलो आणि बघतो तर काय, टेबलावर माझं जग उताणं पडलेलं, आप्पा त्यावर वाकलेले आणि आई पट्टी धरून उभी! माझ्या काळ्या शाईवर निळ्या पेनानं कालवा, लाल पेनानं चाऱ्या, म्हणजे कालव्यातून शेतांकडं जाणारे छोटे पाट. नीलवतीचा एक फाटा खोडून बुजवून टाकलेला. सुवर्णपूर सुळक्यावरून उचलून खाली नदीकाठी आणलेलं. ("चार हजार लोकं हलवली," आप्पा शांतपणे म्हणाले.) अंधारगडाच्या खाली सुबक अक्षरात "मुख्य गेट" आणि वाळवंटावर "टेल". कोपऱ्यातल्या ड्रॅगनच्या पोटातून पोटचारी नंबर तीन गेलेली.

"आप्पा! पेननं? पेन्सिल तरी घ्यायची!"

"पेन्सिल कुनीबी खोडतंय," आप्पा म्हणाले. "पाण्याच्या कामात पेन्सिल चालत न्हाई."

आई म्हणाली, "दिन्या, ह्या उत्तरेकडच्या गावच्या पोरी कुठं दिल्यात? मधी तर समदं जंगल. सोयरिकी कशा व्हत्यात?"

मी हात जोडले. नवा नकाशा काढायला वेळ नव्हता. उद्या गुरुवार.

गुरुवारी अकराला तिघंही आले. आप्पांना मी आधीच बजावून ठेवलं होतं, "तुम्ही बसा बाहेर ओट्यावर, हा आमचा खेळ आहे." आप्पा म्हणाले, "मला काय करायचंय?" आणि ओट्यावर बसले, खुर्ची दाराकडं वळवून.

मी घसा खाकरला. "हजारो वर्षांपूर्वी, जेव्हा काळालाही नाव नव्हतं..."

"ही निळी रेघ काय आहे?" स्नेहलनं विचारलं.

"ते सोड. काळालाही नाव नव्हतं, तेव्हा..."

"आन् पोटचारी नंबर तीन म्हंजी?" प्रशांत म्हणाला.

दारातून आवाज आला, "मी सांगू का?"

नको म्हणायच्या आत आप्पा टेबलाशी होते. उभे राहून सांगायला लागले, मग आईनं स्टूल दिलं, मग चहा आला. मी माझी पाच पानी प्रस्तावना हातात धरून बसलेलो आणि टेबलावर हेड काय, टेल काय, गेट कुठं, आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, किती दिवसांचं! राकेशचे डोळे लकाकले. "आप्पा, हमारे गाँव में भी नहर का यही झगड़ा है. ऊपरवाला पानी छोड़ताच नहीं!"

"सगळीकडं त्येच रं बाबा," आप्पा त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले.

मी कसाबसा खेळ ओढून आणला. ड्रॅगन सोडला अंगावर! "आकाश काळवंडतं. प्रचंड ड्रॅगन तुमच्यासमोर उतरतो. काय करता?"

योद्धा प्रशांतनं फासा उचललासुद्धा नाही. त्यानं आप्पांकडं बघितलं.

"ह्याला दिवसाला पाणी किती लागतं?" आप्पांनी मला विचारलं.

"आप्पा, तो आग ओकतो!"

"मंग जास्तीच लागत आसंल."

तिघांनी ड्रॅगनला पोटचारी नंबर तीनवर वेगळं पाणी द्यायचं कबूल केलं आणि तो दोस्त झाला! एक घाव नाही, एक फासा नाही. तो ड्रॅगन तयार करायला मला दोन आठवडे लागले होते. मग मंडळी अंधारगडावर पोचली. मी शेवटचा डाव टाकला, "दारात तीन राक्षस! हातात परशू!"

"मी राक्षसांना विचारते," स्नेहल चेटकीण म्हणाली, "गेटची चावी कुणाकडं असते?"

"चावी चौकीत आसती," आप्पा म्हणाले. "पर आशी न्हाई देनार त्ये. अर्ज लागतो, सात नंबरचा फॉर्म. पाणी मागायचं तर त्योच भरावा लागतो. टेलवाल्यांच्या सह्या घ्या आधी."

तिघंही कागद शोधायला लागले आणि माझा संयम सुटला.

"बास!" मी ओरडलो. "हे जग माझं आहे! इथं मी म्हणेन ते खरं! इथं अर्ज नाही, चौकी नाही, लढायचं असतं लढायचं!"

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "दिन्या! बापाशी कंच्या आवाजात बोलतोस रं?"

एका जगाच्या निर्मात्याला त्याच्या भक्तांसमोर हे ऐकावं लागलं. आप्पांनी चष्मा काढला, खिशात ठेवला. "बरं. चालू द्या तुमचं," म्हणाले आणि ओट्यावर गेले. खुर्ची या वेळी रस्त्याकडं वळवली.

मग माझ्या मनासारखा खेळ सुरू झाला. प्रशांतनं फासा टाकला, एक राक्षस मेला. राकेशनं फासा टाकला, दुसरा मेला. स्नेहलनं फोन बघितला. तिसऱ्या राक्षसाच्या वेळी प्रशांत म्हणाला, "कॅरम हाय का रं घरात?"

खरं सांगतो, कॅरमचं वाईट वाटलंच, पण जास्त वाईट त्या खुर्चीचं वाटलं. दोन वर्षांनी कुणीतरी माणसाला त्याच्या कामाचं विचारलं होतं आणि मी त्याला उठवून लावलं, तेही एका खोट्या नदीवरून. मला माझीच लाज वाटली. मी उठून बाहेर गेलो.

"आप्पा, एक विचारायचं होतं. गेट एकदम उघडलं तर काय होतं?"

आप्पा रस्त्याकडं बघत राहिले. "तुझं जग हाय. तुला म्हाईत."

"मला नाही माहीत."

हे वाक्य आप्पांसमोर मी आयुष्यात पहिल्यांदा बोललो. त्यांनी मान वळवून माझ्याकडं नीट बघितलं, ताप बीप आलाय का म्हणून.

"एकदम उघडू नये," ते म्हणाले. "पाट फुटतो. आदी चार बोटं उघडायचं, आन् पानी टेलला पोचस्तोवर दम धरायचा." आणि उठले. "चल, त्या पोरांना सांगतो. ती खुळी पुरं उघडत्याल."

पुढं दीड तास मी फक्त भ्रमकेतूचं काम केलं. म्हणजे टेबलाच्या एका बाजूला अंधाराचा अधिपती मी, दुसऱ्या बाजूला आप्पा, आणि त्यांच्या मागं योद्धा, चेटकीण आणि बिहारी धनुर्धर एक अर्ज घेऊन उभे. मी गडगडाटी आवाजात म्हणालो, "मी हजार वर्षं कुणापुढं नमलो नाही!"

"नमू नगंस," आप्पा म्हणाले. "मंजूर लिही आन् सही कर."

मी गर्जना करून बघितली. विजा पाडून बघितल्या. आप्पा चष्म्यावरून बघत राहिले. दहावीचा गणिताचा पेपर दाखवला तेव्हा ते असंच बघत होते. माझी जादू तेव्हाही चालली नव्हती. मी पेन घेतलं, "मंजूर" लिहिलं आणि खाली झोकात सही ठोकली: "भ्रमकेतू, अंधाराचा अधिपती."

टाळ्या झाल्या. राकेशनं तर आप्पांचे पाय धरले. आप्पांनी कागद लांब धरून वाचला आणि माझ्यापुढं परत सरकवला.

"ही कसली सही? सरकारी कागद हाय. पूर्ण नाव लिही, आन् मधी बापाचं नाव टाक."

तेव्हापासून दर गुरुवारी आमच्या घरी खेळ रंगतो, आणि अंधारगडाच्या दप्तरी त्या महाभयंकर असुराची नोंद आहे ती अशी: भ्रमकेतू ज्ञानदेव, मुक्काम अंधारगड, तालुका शिरूर.