पहिल्यापासून सांगणारे मावसाजी

आमच्या मावसाजींइतकं पाठांतर असलेला, आणि त्या पाठांतराचा इतरांना इतका कमी उपयोग झालेला माणूस भंडारा जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. मावसाजी म्हणजे माझ्या सख्ख्या मावशीचे यजमान. शहापूरला हायवेच्या कडेला त्यांचं तांदळाचं दुकान होतं आणि तलावाखाली थोडी धानाची शेती. मी सत्तरच्या दशकात जवाहरनगरला कारखान्यात कारकून होतो. क्वार्टरमध्ये एकटाच राहायचो आणि रविवारी सायकल मारत मावशीच्या हातचं जेवायला शहापूर गाठायचो. जेवण फुकट असलं तरी त्याआधी मावसाजींचं पाठांतर ऐकावं लागे. पाढे, पावकी, निमकी, आरत्या, वरठी स्टेशनात थांबणाऱ्या साऱ्या गाड्या, आसपासच्या गावांचे तलाव, सगळं त्यांनी झुलत झुलत, मोठ्याने, एकाच चालीवर पाठ केलं होतं. भूक लागलेली असताना तलाव फार वाटतात.

माणसाच्या डोक्याविषयी त्यांचं स्वतःचं शास्त्र होतं. "डोकं म्हंजे पावसाळ्यातला पांदन रस्ता," ते सांगत. "एकडाव बंडी गेली त काही होत नाही. रोज तेथूनच नेली, मंग चाकोरी पडते. मंग बैल झोपले तरी बंडी घरी येते." समजून घेणं हा त्यांच्या मते आळशी लोकांचा उद्योग होता. "समजलं ते उडून जाते बाबू, घोकलं ते बसते." माझी खात्याची परीक्षा आली तेव्हा त्यांनी मला रजेचे सारे नियम भजनाच्या चालीवर घोकायला लावले. मी हसून उडवलं, पण मावशीच्या वड्याभाताच्या आशेने घोकलेही. परीक्षेत नियम आठवले, अगदी कलमांसकट, पण गुणगुणल्याशिवाय एकही कागदावर उतरेना. पर्यवेक्षकांनी दोनदा दटावलं आणि शेवटी मला भिंतीकडच्या बाकावर नेऊन बसवलं. पास झालो. मावसाजींनी त्याचं सारं श्रेय चालीला दिलं.

या विद्येत खोट एकच होती. मावसाजींना मधलं काही सांगता यायचं नाही. एकदा बसमधून उतरलेल्या एका पाहुण्याने दुकानात येऊन विचारलं, वरठीहून नागपूरला जायला दुपारची गाडी किती वाजता? मावसाजींनी डोळे मिटले, झुलायला सुरुवात केली आणि पहाटेच्या पॅसेंजरपासून धरलं. पाहुणा घाईत होता, त्याने मध्येच "दुपारची सांगा ना" म्हटलं. झालं. तोडलं की पुन्हा पहिल्यापासून. दुपार उजाडेपर्यंत वरठीकडे जाणारी बस समोरून निघून गेली. पाहुणा चिडला, तर मावसाजीच त्याच्यावर डाफरले, "मधातून कसा सांगू? मधातून कोनी पायऱ्या चढते का?" धाकट्या मुलाला हाक मारायची तरी थोरल्यापासून यावं लागे. तिन्ही मोठे हातचं काम टाकून धावत येत, आणि ज्याला बोलवायचं तो निवांत शेवटी येई.

ऐंशी सालानंतर एका उन्हाळ्यात त्यांना लकवा मारला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. नागपूरच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं की मेंदूत बोलणं जुळवण्याची जी जागा असते तिलाच मार बसला आहे. नवं वाक्य त्यांना जुळवता येणार नाही, पण वर्षानुवर्षं म्हणून पक्कं झालेलं काही शिल्लक असू शकतं. घरी आल्यावर थोरल्याने भीत भीत "बे एके बे" म्हटलं. मावसाजींचे ओठ हलले, आणि "बे दुने चार"पासून ते जे सुटले ते थेट विसाला जाऊन थांबले. बेचा पाढा ऐकून घरातली सारी माणसं रडली. मीही रडलो. पण पाढा संपल्यावर त्यांना तहान लागली, तर "पाणी" म्हणता येईना. ते तांब्याकडे बघत राहिले.

मावशीला याचंच दुःख होतं. ती सगळं करायची, भरवायची, पुसायची, पण एकदा माझ्याशी चिडून बोलली. "आरती म्हन्ते, पाढे म्हन्ते, गाड्यायचे टाइम सांगते. मायाशी बोलाले मात्र एक शब्द नाही यायच्यापाशी. मी काहून नाही राहिली यायच्या डोक्यात?" त्या घरात मावसाजींनी तिला कधी नावाने हाक मारली नव्हती. "ऐकलं का" एवढंच. आणि नुसतं "ऐकलं का" कोण घोकून ठेवतं?

पुढच्या वैशाखात धाकट्याचं लग्न झालं. नवी सून उंबरठ्यावर उभी होती. बायकांनी रिवाजाप्रमाणे दोघांना अडवलं, नाव घ्या मगच आत या. सुनेने घेतलं. धाकटा लाजून अडखळला, हशा झाला. मावसाजी ओसरीवर खाटेत टेकून बसले होते. हशा ओसरताना त्यांचं झुलणं सुरू झालेलं मला दिसलं, आणि मग स्वच्छ आवाज आला:

"वैनगंगेच्या पान्यावर पिकते चिन्नोर धान,
कौसल्येचं नाव घेतो, ठेवून साऱ्यायचा मान."

मावशीच्या हातातलं ओवाळायचं ताट जोडव्यांवर कलंडलं आणि कुंकू सांडलं. स्वतःच्या लग्नात अडू नये म्हणून त्या नवरदेवाने हे किती दिवस घोकलं असेल, देव जाणे.

त्यानंतर दुपारचं सामसूम झालं की मावशी खाटेशी बसायची आणि हळूच "वैनगंगेच्या पान्यावर" म्हणायची. मावसाजी पुढचं पूर्ण करायचे. असं ते गेले तोवर चाललं. मला त्यात उगाच शहाणपण सुचलं. ती फार आशा धरून बसेल असं वाटून मी एकदा म्हणालो, "मावशी, डॉक्टर म्हणतात हे नुसतं सवयीनं येतं. त्यात अर्थ असेलच असं नाही."

मावशीने त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली.

"सवयीनं म्हनून राहिले असतीन," ती म्हणाली. "पन नाव त मायंच घेऊन राहिले ना?"