सासूबाईंना घेऊन खिंडसीला: माझी पहिली ट्रायथलॉन

त्रेचाळिसाव्या वर्षी बाई पोहायला शिकते म्हटल्यावर मनीषनगरातल्या आमच्या गल्लीत दोन तट पडले. एकाच्या मते मला वेड लागलं होतं, दुसऱ्याच्या मते डॉक्टरनं सांगितलं होतं. माझ्या सासूबाई मात्र एवढंच म्हणाल्या, "तू जाय. डब्याचं मी पाहीन."

आणि पाहिलंही. नवरा नोकरीसाठी चंद्रपूरला, मुलगी बारावीत, मी धंतोलीतल्या एका लॅबमध्ये रक्त तपासणारी. आठ महिने मी पहाटे साडेपाचला पोहण्याच्या तलावावर आणि रविवारी सायकल घेऊन वर्धा रोडला जात होते. घर आईंच्या खांद्यावर होतं. (सासूबाईंना मी आईच म्हणते.) शेवटी रामटेकजवळच्या खिंडसी तलावावरच्या छोट्या स्पर्धेत नाव घातलं: साडेसातशे मीटर पोहणं, लगेच वीस किलोमीटर सायकल, लगेच पाच किलोमीटर धावणं, सगळं सव्वादोन तासांत. मला नंबरबिंबर नको होता. निकालाच्या यादीत नाव हवं होतं. दहावीनंतर रेशन कार्ड सोडलं तर माझं नाव कुठल्याच यादीत आलेलं नाही.

शनिवारी दुपारी निघालो. मागच्या सीटवर सायकल, पुढे आई. माझी एक पिशवी, त्यांच्या तीन. कामठी ते कन्हान ट्रकांची गर्दी असते, म्हणून जायचंच असेल तर जेवायच्या आधी निघा. मनसरला उजवीकडे वळलं की रस्ता मोकळा होतो आणि दोन्हीकडे धानाची शेतं लागतात. रामटेकात गडाच्या पायथ्याशी लॉज मिळाला, दोघींचे आठशे रुपये, गरम पाणी बादलीनं.

संध्याकाळी तलावावर नवख्या स्पर्धकांना नियम सांगायला बोलावलं होतं. हेल्मेटचं बक्कल लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही. कपडे-बूट बदलायच्या जागी स्पर्धकांशिवाय कोणी यायचं नाही. बाहेरच्या कोणाची मदत घेतली तर नंबर बाद. मी सगळं शाळेतल्यासारखं वहीत उतरवलं. आई तेव्हा रस्त्यावर उकडलेले शिंगाडे घ्यायला गेल्या होत्या.

त्या परत आल्या तेव्हा मी काठावर उभी होते. पोहण्याच्या तलावात खाली फरशी दिसते. इथे हिरवट काळोखाखेरीज काही दिसत नव्हतं.

"काय पाहून राहिली वं?"

"भीती वाटतेय, आई. तळच दिसत नाही."

त्यांनी साडी जरा उचलून पाण्यात पाय घातला. "पाणी त पाणीच आहे. त्याले काय मालूम, तू नवीन आहेस म्हणून?" मग एक शिंगाडा सोलून माझ्या हातावर ठेवला.

सकाळी थंडी मी म्हणत होती. पहिल्या शंभर मीटरमध्येच माझा श्वास अडकला. उताणी झाले, आभाळ पाहिलं आणि लॅबमध्ये नळ्या मोजते तसे हात मोजायला लागले. नवख्यांना एकच सांगेन: घाबरलात तर पाठीवर व्हा, लाज वाटून घेऊ नका. शेवटून तिसरी का होईना, मी बाहेर आले.

तिथून सायकलीपर्यंत धावले, हेल्मेट डोक्यावर घातलं आणि बक्कल काही लागेना. बोटं लाकडासारखी झाली होती. एकदा, दोनदा, तीनदा. तेवढ्यात आई दोरीखालून वाकून आत आल्या. खटकन बक्कल लावलं, पदरानं माझं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "जाय आता, पळ!"

एका स्वयंसेवकानं त्यांना हळूच बाहेर नेलं. दुसऱ्यानं माझा नंबर टिपून घेतला. "मॅडम, बाहेरची मदत झाली. पूर्ण करायची तर करा, पण निकालात नाव येणार नाही."

दोरीपलीकडून आई हात हलवत होत्या. त्यांना यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. मी सायकल काढली.

पहिले तीन-चार किलोमीटर मी रडत होते, खोटं कशाला सांगू. रागही आला होता, आईंचा आला नव्हता असं म्हणवत नाही. मग धान कापणाऱ्या बाया दिसल्या. त्यातली एक ओरडली, "जोरात हाण वं बाई!" आणि मी हाणली. धावताना पोटऱ्यांत गोळे आले, तरी चालत गेले नाही. माझ्या घड्याळात दोन तास नऊ मिनिटं झाली.

"मेडल कुठं आहे?" आईंनी पहिला प्रश्न विचारला.

"घरी पाठवतात. कुरियरनं," मी म्हणाले.

घरी आल्यावर ते खोटं माझ्याच अंगाशी आलं. आई रोज दुपारी गॅलरीत बसायला लागल्या. गल्लीत कुरियरवाला दिसला की वरून हाक मारायच्या, "आमचं आहे का गा काही?" चौथ्या दिवशी मला राहवलं नाही. सगळं सांगितलं.

"माह्यामुळं गेलं तुयं," एवढंच आई म्हणाल्या आणि जेवल्या नाहीत. मी परोपरीनं सांगितलं, की आठ महिने तुम्ही नसता तर मी त्या काठावरही पोचले नसते, नियमात ते कुठे लिहितात? पटलं नाही त्यांना.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला त्यांनीच मला उठवलं. स्वयंपाकघरात बर्फाचे खडे टाकलेली बादली होती आणि शेजारी हेल्मेट.

"हात बुडव. बुडव म्हणतो ना! आता लाव बक्कल."

बोटं बधिर झाली. बक्कल निसटलं. पुन्हा निसटलं. मी वर पाहिलं. आई समोर पाटावर बसल्या होत्या, ओठ घट्ट मिटलेले, आणि दोन्ही हात त्यांनी पदरात गुंडाळून धरले होते.