समुद्राकाठचा निंब आणि आईचा झोका

सुरत पॅसेंजर अमळनेरच्या फलाटाला लागते न लागते तोच भाऊनं खिडकीतून टॉवेल टाकून तीन जागा धरल्या, आणि माझी आखाजी सुरू झाली. आता माझी लेक सात वर्षांची आहे, तरी माहेरी निघताना माझा पाय जमिनीवर ठरत नाही. सासूबाई म्हणतात, "हिला दर वर्षी नवीनच माहेर मिळतं!" म्हणू देत.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आम्हा खान्देशी लेकींची खरी दिवाळी तीच. भाऊ मुऱ्हाळी (माहेरी न्यायला येणारा) होऊन दारात उभा राहतो. माहेरी गेलं की आमरस, मांडे, आणि निंबाला बांधलेला झोका. त्यावर बसून गळा सुकेपर्यंत गाणी म्हणायची. पण माझं माहेर गाव सोडून सुरतेला, लिंबायतच्या एका गल्लीत गेलं. बाबा मागावर कामाला, खोली एवढीशी, आणि झाड म्हणाल तर डब्यातली तुळस! लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला मी त्या खोलीत तोंड फुगवून बसले. भाऊ तेव्हा मिसरूड न फुटलेला, पण डोकं तिखट. दोर खांद्यावर टाकून म्हणाला, "चल ताई, डुमसला. समुद्राकाठी झाडं नसतात का?"

समुद्रावर झोका! मी तर तोवर समुद्रच पाहिला नव्हता. सिटी बसमधून उतरले आणि वेडीच झाले. वाळू काळी, अगदी तव्याच्या बुडासारखी. पाणी ओहोटीनं पार लांब गेलेलं. माणूस जवळजवळ नाहीच. काठावर एक जुना निंब, आणि त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर कोकिलाबेनची भजीची गाडी. आम्ही झोका बांधल्यावर त्या झारा हातात घेऊन बघतच राहिल्या. त्यांनी पहिल्यांदा खाऊ घातलेली टमेटांनां भजियां (टोमॅटोच्या चकतीवर हिरवी चटणी लावून तळलेली भजी) मी जन्मात विसरणार नाही. जीभ भाजली, तरी चार खाल्ली.

त्या दिवसापासून दर आखाजीला डुमस ठरलेलंच. एकच गोष्ट मला खुपायची. आई झोका द्यायची, पण बसायची नाही. किती ओढलं तरी एकच वाक्य. "माले नई बठनं. झोका माहेरना ऱ्हास. हाई मनं सासर शे." (मला नाही बसायचं. झोका माहेरचा असतो. हे माझं सासर आहे.) माझा मामा, तिचा एकुलता एक भाऊ, गेला त्यालाही बरीच वर्षं झाली. तेव्हापासून तिच्या दारात मुऱ्हाळी आलाच नाही.

या वर्षी मात्र मी गाडीतच भाऊला सांगून टाकलं, "आईला झोक्यावर बसवीन, नाहीतर नावाची नाही!"

भाऊ शेंगा सोलत म्हणाला, "आधी निंब तर जागेवर असू दे. गेल्या पावसाळ्यात समुद्रानं बराच काठ खाल्लाय म्हणतात."

"तुझ्या जिभेला काही हाड?" मी ओरडले. समोरचे आजोबा दचकून जागे झाले. नंदुरबार येईपर्यंत मी भाऊशी बोलले नाही.

सुरत स्टेशनाबाहेर आले की मी दर वर्षी काय नवीन ते शोधते. चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या आधी इथं नाक धरून चालावं लागायचं, आता रस्ते रोज झाडलेले असतात. भाऊ एव्हाना रिक्षावाला झालाय, स्वतःच्या रिक्षाचा! मागे लिहिलंय 'आईचा आशीर्वाद', आणि आई तिच्यात बसायला घाबरते.

आखाजीच्या सकाळी आईनं घागर पुजली, खापरावर मांडे टाकले, आमरसाचा डबा भरला. बाबांची पाळी होती, ते कामावर गेले. आम्ही चौघं निघालो. आई, मी, लेक आणि पुढे भाऊ. पूर्वी शहर सुटलं की या रस्त्यावर शेतं आणि बाभळी. आता बंगल्यांमागून बंगले. मी मान बाहेर काढून मोजत होते, तेवढ्यात खड्डा आला आणि अर्धा आमरस माझ्या नव्या साडीवर!

"ताई, पंगत गाडीतच बसवलीस की काय?" भाऊ म्हणाला.

चिडू की हसू? हसलेच. माशा मात्र डुमसपर्यंत सोबत आल्या.

आणि डुमस! अहो, जत्राच ती. उंट, घोडे, हातानं फिरवायचे पाळणे, नारळपाणी, भाजलेली कणसं. पलीकडे तापीच्या मुखाशी हजिऱ्याच्या कारखान्यांची धुराडी. काही झाडांना झोके लटकलेले, आणि त्यांवर आमच्याच लिंबायतच्या बाया! तिसऱ्या वर्षी दोन कुटुंबं आमचं बघून आली होती, आता अख्खी गल्ली येते. लोक नाकं मुरडतात, डुमस बिघडलं म्हणतात. मला तर ती गर्दी बघून उकळ्या फुटत होत्या. मी लेकीचा हात धरून आमच्या निंबाकडे पळत सुटले.

निंब आडवा पडला होता.

मुळं आभाळाकडे, शेंडा वाळूत. खोडावर पोरं घोडा-घोडा खेळत होती. आमच्या फांदीवर दोर घासून पडलेली खाच अजून तशीच होती. आईनं तिच्यावरून बोट फिरवलं. मी मात्र वाळूत बसकण मारून रडले. चांगली तीस वर्षांची घोडी, पण रडले. एवढा मोठा समुद्र, त्याला आमचंच झाड गिळायचं होतं?

"अरे, आम आवो ने!" मागून हाक आली. (अहो, इकडे या ना!)

कोकिलाबेन! त्यांनाही समुद्रानं दोनदा मागे हटवलं होतं. गाडीची आता टपरी झाली होती, आणि टपरीमागे दुसरा, तरणा निंब होता. त्याच्याच आडव्या फांदीला टपरीची ताडपत्री बांधलेली. कोकिलाबेननी भाऊच्या खांद्यावरचा दोर पाहिला, माझे डोळे पाहिले, आणि स्टुलावर चढून ताडपत्रीच्या गाठी सोडायला लागल्या. भर दुपार, कढईत तेल तापलेलं, गिऱ्हाइकं ओरडतायत.

"बेन, उन्हात कसं तळणार?" मी म्हणाले.

"भजियां तो तडकामांय तळाय," त्या म्हणाल्या. (भजी काय, उन्हातही तळली जातात.)

भाऊनं झोका बांधला. लेक बसली, मी बसले. मग मी आईचा हात धरला, आणि तिचं तेच ठरलेलं वाक्य! मी हात जोडले, डोळे वटारले, भाऊनं लाडीगोडी लावली. ती हलेना.

"शुं कहे छे?" कोकिलाबेननी विचारलं. (काय म्हणतेय?) मी मोडक्यातोडक्या गुजरातीत सांगितलं, की झोका फक्त माहेरी घ्यायचा असतो आणि आईला माहेर उरलेलं नाही.

त्यांनी झारा खाली ठेवला. पिठाचे हात पदराला पुसले आणि आईसमोर येऊन उभ्या राहिल्या. "आ झाड कोनुं? मारुं. तो आ मारुं घर. मोटी बेन मारे घेर आवी छे. बेसो ने!" (हे झाड कुणाचं? माझं. मग हे माझं घर. थोरली बहीण माझ्या घरी आलीय. बसा ना!)

आईनं त्यांच्याकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं. मग पदर खोचला आणि बसली.

पहिला झोका कोकिलाबेननी दिला. आईनं डोळे गच्च मिटले होते. तिसऱ्या झोक्याला ते उघडले, पाचव्याला ती गायला लागली. आखाजीची जुनी गाणी, मी कधी न ऐकलेली, एकामागून एक! शेजारच्या झोक्यावरच्या बाया उतरून आल्या आणि ओळी धरायला लागल्या. मी हसत होते की रडत होते, मला ठाऊक नाही. कढईतली भजी करपली, आणि एकाही गिऱ्हाइकानं तक्रार केली नाही.

निघताना कोकिलाबेननी आईच्या ओटीत नारळ आणि भज्यांचा पुडा घातला. रिक्षा वळेपर्यंत आई मागे बघत होती. गाडी सुटल्यावर मी दर वर्षी खिडकीतून बघते ना, अगदी तसंच.

मला अमळनेरला परतून महिना झाला. समुद्र काही थांबणार नाही. तो तरणा निंबही उद्या खाईल, कोकिलाबेन आणखी मागे सरकतील, आणि आम्ही दोर घेऊन त्यांना शोधत जाऊ. परवा भाऊचं कार्ड आलं. लिहितो, "ताई, तू आईला बसवलंस, पण भोगतोय मी. दर रविवारी मला रिक्षा घेऊन डुमसला पिटाळते. म्हणते, जा, माहेरचा निंब उभा आहे का ते बघून ये."